चौथ्या फेरीत पाच सेकंद आले कुठून?

७०, ८८, १०२, ९७.

ओळखीचे आकडे आहेत ना? तुझ्याच सोळाशे मीटरच्या चार फेऱ्या. कागदावर लिहून तुझ्या हातात दिले होते. तू फक्त खालची बेरीज वाचलीस, ५ मिनिटं ५७ सेकंद, आणि ‘सहाच्या आत आलो सर’ म्हणून दात काढलेस. संध्याकाळी स्टेटसला फोटोही लागला. मावळता सूर्य, ओली वाळू, तू पाठमोरा. खाली काहीतरी संघर्षाबिंघर्षाचं. संघर्ष कुठे झाला रे? मला दिसला नाही. मी घड्याळ घेऊन तिथेच उभा होतो.

आता वरचे चार आकडे वाच. पहिली फेरी ७० सेकंदांत. त्या वेगाने चारही मारल्या तर ४ मिनिटं ४० सेकंद होतात. तू ४:४०चा गडी आहेस का? नाहीस. सुटायच्या आधी तुला हे माहीत होतं की नव्हतं? होतं. मग तसा का सुटलास? कडेला पोरं उभी होती म्हणून. पहिल्या वळणावर सगळ्यांच्या पुढे दिसायचं होतं म्हणून. दिसलास. पुढे काय? तिसरी फेरी १०२. पहिलीपेक्षा ३२ सेकंद जास्त.

आणि खरं सांगू? माझा राग त्या १०२वर नाहीच. चौथीवर आहे. तिसऱ्या फेरीत तुझे ‘पाय उचलतच नव्हते’. छातीत ‘जाळ झाला’ होता. मग चौथ्या फेरीत पाय कोणाचे आणलेस? छाती कोणाकडून मागून घेतलीस? पाच सेकंद आले कुठून? शेवट दिसला, पोरं ओरडली, लाज वाटली आणि पाय आपसूक चालले. म्हणजे दम शिल्लक होता. तिसरीत तो काढला नाहीस, कारण तिसऱ्या फेरीला टाळ्या नसतात. सुरुवातीला सगळे बघतात, शेवटी सगळे बघतात. मधे फक्त मी आणि घड्याळ. आम्हा दोघांची तुला लाज वाटत नाही.

तुझ्यात काही नसतं तर मी एवढा घसा कोरडा केला नसता. ज्याच्याकडे नाहीच त्याला गोड बोलून घरी पाठवतो मी. तुझ्याकडे आहे, आणि तू ते लपवतोस. माझ्यापासून नव्हे, स्वतःपासून. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही कुठली तऱ्हा?

तिसरी फेरी सगळ्यांनाच छळते, हे मलाही ठाऊक आहे. रॉजर बॅनिस्टरचं नाव शाळेत ऐकलं असशील. ६ मे १९५४, ऑक्सफर्ड. मैल चार मिनिटांच्या आत धावणारा पहिला माणूस, ३ मिनिटं ५९.४ सेकंद. मैल म्हणजे १६०९ मीटर. तुझ्या सोळाशेहून फक्त नऊ मीटर जास्त, म्हणजे शर्यत तुझीच म्हण. त्याच्या चार फेऱ्या बघ: ५७.५, ६०.७, ६२.३, ५८.९. त्याचीही तिसरीच सगळ्यांत मंद. पण सगळ्यांत वेगवान आणि सगळ्यांत मंद फेरीत पाच सेकंदांचाही फरक नाही. तुझ्यात ३२चा. वारा त्या दिवशी त्यालाही होता. ट्रॅक राखेचा होता. आणि तो डॉक्टरकी शिकत होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत सराव करायचा. तुला दुपारची झोप सुटत नाही.

पोलीस भरतीचा फॉर्म भरलास तेव्हा मी सांगितलं होतं, आकडा भिंतीवर लिहून ठेव. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत, तर पूर्ण वीस गुण. पुढे सेकंद वाढतील तसे गुण गळतात. लिहिलास भिंतीवर? लिहिलास. मोठ्ठा, लाल रंगात. त्याला चाराने भागलंस कधी? साडेसत्त्याहत्तर. प्रत्येक फेरी ७७.५. हा एक आकडा तुला झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. तुला येत नाही. तुला क्रिकेटवाल्यांचे स्ट्राइक रेट येतात.

४७ सेकंद कमी करायचेत तुला. ‘दोन महिन्यांत होतील ना सर?’ असं विचारतोस. आजवर काय केलंस ते आधी विचार. रोज पळतोस, हे मान्य. कोण नाही म्हणतो? सकाळी उठतोस, देवळाकडून वाळूत उतरतोस, कर्द्याच्या बाजूला जातोस आणि परत येतोस. रोज तोच रस्ता, रोज तोच वेग. धड सावकाश नाही, धड जोरात नाही. घाम येतो, टी-शर्ट भिजतो, आई दारातच ‘दमलास रे बाबा’ म्हणते आणि तुझं समाधान होतं. वेग कुठून येणार? तू पायांना वेग मागितलासच कधी? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येईल?

हे तुला शंभरदा समजावलं आहे, आणि तुला ते समजलेलंही आहे. बारावीला सायन्स होतं तुझं. सावकाश पळताना हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत बारीक बारीक रक्तवाहिन्या वाढतात. त्यासाठी वेळ लागतो आणि संयम लागतो. जोरात पळताना पाय वेगाच्या वळणाला पडतात, आणि जळजळत असतानाही चालत राहायची त्यांना सवय होते. त्यासाठी धमक लागते. तू जो मधला वेग धरलास त्याला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तर तो तुला आवडतो. दमल्याचं सुख मिळतं आणि घड्याळाला तोंड दाखवावं लागत नाही.

घड्याळाला तू घाबरतोस. बाकी सगळ्या सबबी नंतरच्या.

पहिली सबब वाळूची. ‘सर, वाळूत टायमिंग बसत नाही.’ नाचता येईना, अंगण वाकडं. कोरड्या वाळूत कोणाचंच बसत नाही. पाय रुततो, टाच खाली जाते, पोटरी ओढते. ती ताकदीची कसरत, वेगाची जागा नव्हे. पण पाणी मागे सरल्यावर खाली जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते ती काय वाईट आहे? फरशीसारखी लागते पायाला. मुंबई-पुण्याची पोरं कामावर जायच्या आधी डांबरावर, रिक्षांच्या मधून पळतात. तुला असं मैदान फुकटात, दाराशी. वाळू समुद्राकडे उतरती असते, एवढं ध्यानात ठेव. जाताना उजवा पाय खाली तर येताना डावा. जेवढं जाशील तेवढंच त्याच वाळूवरून परत ये, म्हणजे एकाच घोट्यावर भार यायचा नाही. मोबाइल अंतर बरोबर दाखवत नाही म्हणतोस ना? चारशेसारख्या छोट्या अंतराला दगा देतो तो, खरं आहे. मग पन्नास मीटरची दोरी घे. आठ वेळा टाक. दोन्ही टोकांना काठी रोव. झालं तुझं चारशे. यासाठी अकॅडमी लागते? फी लागते?

दुसरी सबब भरतीची. समुद्राच्या भरतीची म्हणतोय. ‘सकाळी गेलो तर पाणी वर होतं सर, पळायला जागाच नव्हती.’ हे तू मला सांगतोस? मुरुडात जन्मलेल्या पोराने? अरे, हर्णैच्या बंदरात उभ्या राहणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. तीनला भरती, तिथून सहा तासांनी, नऊच्या सुमाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला पाणी पार खाली. उधाणाचे दिवस, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच खोल मागे जातं. त्या दिवसांत पहाटे जी वाळू मिळते ती बघितली आहेस कधी? नाही, कारण तेव्हा तू घोरत असतोस. पुढे रोज पाऊण तास उशीर. अष्टमीला सकाळी सहाला भरती, तेव्हा वाळूचं नाव काढू नकोस. पण कालनिर्णय घराच्या भिंतीवर लटकलंय ना? तिथी बघायला डोळे आहेत ना? आठवड्याचा सराव रविवारी रात्री पाच मिनिटांत आखून होतो. जोराचं पळणं कुठल्या दिवशी वाळूत, कुठल्या दिवशी रस्त्यावर. एवढा हिशेब तुझ्या आजोबांनी बोट हाकताना मनात केला असता. तू हातात मोबाइल धरून पाण्याला दोष देतोस.

अष्टमीला काय करायचं ते सांगतो. आसूदच्या चढावर जा. दापोलीकडे जाणारा तो रस्ता सुट्टीला आलेल्यांच्या गाड्यांना पहिल्या गिअरमध्ये घालतो. तिथे अर्धं मिनिट वर जोरात, चालत खाली, परत वर. आठ वेळा. चढावर पाय आपोआप नीट उचलतो, आवाज न करता पडतो, आणि सपाटीवर धावण्यापेक्षा हाडांना हादरा कमी बसतो. तुझी नडगी दुखते ना? त्याचं औषध तिथे आहे. नडगी का दुखते हेही तुला माहीत आहे. पंधरा दिवस झोपा काढायच्या आणि सोळाव्या दिवशी जाहिरात आल्याची बातमी फुटली की एकदम दहा किलोमीटर. छाती लवकर सुधारते, हाडं आणि शिरा सावकाश सुधारतात. त्यांना तुझ्या जाहिरातीची घाई कळत नाही. तहान लागली की विहीर खणायला निघतोस, आणि मग कुदळ पायावर पडली म्हणून रडतोस.

बाकीच्या सबबी मी ऐकूनही घेत नाही. पर्यटक वाळूत गाड्या घालतात? पहाटे पाचला कोण येतं गाडी घालायला? बूट साधे आहेत? पाय तर धड आहेत ना. खाण्यात दम नाही? नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, ताजे मासे ज्या घरात रोज शिजतात त्या घरातल्या पोराने डबाबंद पावडरीला पैसे मागू नयेत. पावसाळा? पावसात रस्ता ओला असतो, बंद नसतो.

‘वशिल्यावाल्यांचंच होतं सर’ हे मात्र माझ्यासमोर परत बोलायचं नाही. होत असेल, नसेल. तुझ्या तिसऱ्या फेरीत कुठल्या पुढाऱ्याचा वशिला आडवा आला ते सांग. १०२ सेकंद कोणी मंत्रालयातून लिहून पाठवले होते?

गावातल्या मुली बघतोस ना? आठशेच्या तयारीला येतात त्या. पाणी भरून, चहा टाकून, लोकांच्या नजरा पाठीवर घेऊन उतरतात वाळूत. त्यांच्याकडून एक सबब ऐकली असेल मी तर शपथ. त्यांना सबब परवडत नाही. एक दिवस चुकला तर घरचे म्हणतील, बरं झालं, आता बस. तुला कोणी बस म्हणत नाही. तोच तुझा रोग आहे.

आणि कोणी आलं की छाती फुगवून सांगतोस, ‘हे महर्षी कर्व्यांचं गाव.’ आहेच. जन्म आजोळी शेरवलीचा, पण गाव हेच. पळण्याशी अण्णांचा काही संबंध नाही, उगाच प्रत्येक गोष्टीत त्यांना ओढायची आपल्याकडे जी खोड आहे ती मला आवडत नाही. पण तू नाव काढलंस म्हणून सांगतो. परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर इथून साताऱ्याला पायी गेला. शंभरावर मैल, भर पावसात, कुंभार्लीचा घाट चढून. तिथे पोचल्यावर साहेबाने बघितलं आणि म्हणाला, वयाने लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. तेवढंच. परत फिरला. पुढे परीक्षा दिली आणि पास झालाच. तुझी सबब त्याच्यापुढे ठेव बघू. ‘पाणी वर होतं.’ ठेववते?

आता तुझ्या आवडत्या माणसाचं बोलू. भिंतीवर त्या लाल आकड्याच्या शेजारी अविनाश साबळेचा फोटो आहे. फोटोखाली ‘आपल्या महाराष्ट्राचा वाघ’. वाघाबद्दल काय माहीत आहे तुला? बीड जिल्हा, आष्टी तालुका, मांडवा. पावसाची बोंब असलेला मुलूख. शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर सैन्यात, महार रेजिमेंट, सियाचीनच्या बर्फात ड्यूटी. २०१८ साली भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं २९.८० सेकंदांत. गोपाल सैनींचा १९८१पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२४ साली पॅरिसला ८ मिनिटं ०९.९१. वजाबाकी कर. सहा वर्षांत वीस सेकंदही भरत नाहीत. मधे कितीतरी वेळा आपलाच विक्रम मोडला, कधी दोन सेकंदांनी, कधी त्याहून कमी. २०२२च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रुपेरी पदक मिळालं. सोनं पाच शतांश सेकंदांनी हुकलं. पाच शतांश! आणि तू पाच अख्खे सेकंद तिसऱ्या फेरीत खिशात ठेवून फिरतोस.

तो डोंगराच्या टोकाशी आहे, तिथे एकेक सेकंद महाग पडतो. तू पायथ्याशी आहेस, तुला सेकंद स्वस्त मिळतील, हे कबूल. चार-सहा महिने नीट घातलेस तर वीस-पंचवीस सेकंद नुसते शहाणपणाने जातील. पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. आणि दोन महिन्यांचा वायदा मी करणार नाही. तसा वायदा करणारे बोर्ड लावून बसलेले आहेत बाजारात, त्यांच्याकडे जा.

माझ्याकडे राहायचं असेल तर ऐक. आठवड्यातून दोनच दिवस जोराचं पळणं. एक दिवस चारशेच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी ८५-८६ सेकंद, मधे दोन मिनिटं सावकाश चालणं-पळणं. पहिली ७५मध्ये मारून दाखवायची नाही. मला हिरो नको आहे, सहावी फेरीही ८६ची हवी आहे. दुसरा जोराचा दिवस चढावर. आणि पुढच्या सोळाशेला पहिली फेरी ८६च्या आत आली तर शिट्टी वाजवून तिथेच बाहेर काढीन, मग कडेला तुझा मामा उभा असला तरी. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर मी स्वतः उभा राहणार आहे. टाळ्या वाजवायला नाही.

झोपेचं एकदाच सांगतो. वेग वाळूत वाढत नाही, वाळूतून आल्यावर वाढतो. पळताना स्नायू मोडतो, झोपेत तो बांधला जातो. रात्री एकपर्यंत रील बघायची आणि त्यातही काय, तर दुसऱ्यांच्या धावण्याच्या! बॅनिस्टर आणि त्याचे दोन सोबती दहा-दहा चारशे पळायचे. महिनोन्‌महिने सेकंद कमी होत गेले आणि एका आकड्यावर अडले. मग त्यांनी काय केलं? सराव बंद करून बॅनिस्टर आणि त्यातला एक सोबती स्कॉटलंडात डोंगर चढायला गेले. परत आले आणि अडलेला आकडा सुटला. विश्रांती कशाला म्हणतात ते त्यांना कळलं होतं. तू विश्रांती घेत नाहीस, तू नुसता पडून असतोस. अंगठा तेवढा चालू असतो.

उरलेले दिवस सावकाश पळायचं. आणि हेच तुला सगळ्यांत जड जाणार, हे मी आजच लिहून देतो. सावकाश म्हणजे पळता पळता अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तुझ्या आजच्या दमाला किलोमीटरला सहा, सव्वासहा मिनिटं. कोणीतरी पुढे जाईल. तुझ्याच वर्गातला जाडा जाईल. अकॅडमीतलं पोरगं मागे वळून हसेल. जाऊ दे, हसू दे. त्या वेळी तुझा पाय आपोआप वेग धरेल, आणि तिथेच तुझी परीक्षा आहे, पोलीस भरतीच्या आधीची.

म्हणून तुझ्यावर सोडत नाही. सोमवारी द्वितीया आहे, साडेसातच्या सुमाराला वाळू मोकळी होईल. मी येतो बरोबर. माझं वय चौसष्ट, गुडघा डावा कुरकुरतो. आठ किलोमीटर पळू, आणि सगळा वेळ तू मला बोलून दाखवायचंस, काहीही, घरच्या शेतीचं सांग, नाहीतर सामान्यज्ञानाचे प्रश्न घोक, लेखीतही शंभर गुण आहेत. एकदाही माझ्या पुढे पाऊल टाकलंस तर मंगळवारी यायची गरज नाही.